सुनेचं मन

सिडनी, १७ ऑगस्ट १९९७

केलेरा,

चर्चमधून आत्ताच आले आणि टोपीही न काढता लिहायला बसले आहे, म्हणजे मी किती भडकलेय ते कळेल तुला.

प्रार्थना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी भावकीतल्या वातिसोनीच्या मेहुणीने मला गाठलं. चार बायकांच्या देखत म्हणते, "तुमच्या भावजयीने अख्खं गाव मासळीवाचून ठेवलंय म्हणे! नवरा हिचा मेला, उपास गावाला." मी कप खाली ठेवला आणि निघून आले.

खरं आहे का हे? साकिउसाला जाऊन शंभर रात्री कधीच उलटल्या. आपल्या घरात माणूस गेलं की त्याच्या नावाने किनाऱ्याजवळच्या खडकावर खांब रोवून मासेमारीला बंदी घालतात आणि शंभर रात्रींनी ती उठते. आजोबांच्या वेळी उठली, आईच्या वेळी उठली. बाबा खांब उपटतात, सगळं गाव पाण्यात उतरून मासे घेरतं, एकत्र बसून खातं, आणि मग जो तो आपल्या कामाला लागतो. हा कोळ्यांच्या घराण्याचा मान आहे, केलेरा. तुझ्या एकटीच्या दुःखाची मालमत्ता नाही ती. आणि त्यात दुष्काळ! रताळी-कसावा जमिनीतच सुकलाय असं ऐकते. लोकांनी खायचं काय?

मला दुःख नाही असं वाटतं का तुला? माझ्या पाठचा भाऊ होता तो. आणि एक गोष्ट चार महिने गिळून बसलेय, ती आता लिहितेच. शवपेटीत मी त्याच्या पायावरचं कापड उचलून पाहिलं होतं. इथे वृद्धाश्रमात मी इतकी वर्षं म्हाताऱ्यांचे पाय धुतेय, साखरेच्या आजाराची जखम मला वासावरून कळते. तुला एका छपराखाली राहून कळली नाही?

उत्तर पाठव. फोन करू नकोस. गावातल्या त्या एका फोनवर बोललेलं सगळ्या बेटाला ऐकू जातं.

लोसालिनी

नाइवी, यासावा
९ सप्टेंबर १९९७

ताई,

पत्र पोचलं. त्याच बोटीने पोतंभर तांदूळ पोचले असते तर जास्त बरं झालं असतं, पण उपदेशही चालतो. दुष्काळात तो तेवढा सुकत नाही.

पायाचं आधी. तुझा भाऊ दिवसभर गमबूट घालायचा आणि घरी आला की मोजे. म्हणे पाय गार पडतात. यासावात, ऐन मार्चमध्ये, पाय गार! मी हसले त्याला. उनाइसीलाही हसवलं, "बघ गं, तुझा बाप म्हातारा झाला, आता याला काठी आणू." तोही हसला. झोपताना मोजे काढ म्हटलं की पाठ फिरवून झोपायचा. ताप चढला तेव्हा मी मोजा ओढून काढला, आणि आत जे होतं ते तू शवपेटीत पाहिलंसच. लौटोकाला जाणारी बोट दोन दिवसांनी होती. वातिसोनीने आपल्या होडीतून नेलं. हॉस्पिटलात शुद्धीवर असताना तो मला एवढंच म्हणाला, "उगाच घाबरू नकोस गं."

मी हसले होते त्याला, ताई. तू वास ओळखतेस. मी विनोद करत होते. आता कोणाची चूक मोठी ते तूच तोलून बघ, तुला सवय आहे.

बंदीचं म्हणशील तर हो, मीच. अख्खं गाव म्हणतंय म्हणजे खरंच असणार. विहिरीवर मी गेले की बायकांच्या घागरी पटापट भरतात. मेरेसेइनी आत्या परवा मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या वेळी विधवा रडायच्या, लोकांच्या चुलींवर पाणी नाही ओतायच्या." मी माझी घागर भरली आणि घरी आले.

उनाइसी बरी आहे. शाळेत जाते. मामंजी जेवतात थोडंसं.

केलेरा

सिडनी, ५ ऑक्टोबर १९९७

केलेरा,

तुझी जीभ अजून जागेवर आहे हे वाचून बरं वाटलं. पायाचं लिहिलंस ते तीनदा वाचलं. त्यावर मी आता काही बोलत नाही.

पण एक सांगते. गेल्या आठवड्यात आश्रमात एका म्हाताऱ्याने पायाची जखम लपवली. पांघरूण गच्च धरून बसला, "काही नाही, काही नाही" म्हणत. मी त्याच्या हातातून पांघरूण ओढलं आणि इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. "लपवता कशाला? कुणासाठी लपवता? मेल्यावर आम्ही काय करायचं?" म्हातारा रडायला लागला. वरिष्ठ बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुला विश्रांतीची गरज आहे. मी म्हटलं, मला विश्रांतीची नाही, माझ्या भावाची गरज आहे. त्यांनी मला चार दिवस घरी बसवलं.

म्हणजे तू एकटीच वेडी झालेली नाहीस. पण मी माझ्या वेडापायी कुणाची मासळी बंद केलेली नाही.

तू ऐकणार नाहीस हे दिसतंय, म्हणून बाबांनाच सरळ लिहिलंय. त्यांना म्हटलंय, सुनेला किती दिवस डोक्यावर बसवणार? बंदी घालायचा मान तुमचा आणि काढायचाही तुमचाच. राग आला तर येऊ दे. नणंद आहे मी. तुझा राग झेलणं हे माझं जन्माचं कामच आहे.

लोसालिनी

नाइवी, २४ ऑक्टोबर १९९७

प्रिय लेकी लोसालिनी,

देवाच्या कृपेने आम्ही सर्व ठीक आहोत. तूही ठीक असशील. तुझं पत्र मिळालं.

इकडे पाऊस नाही. टेकडीमागच्या झऱ्याला करंगळीएवढी धार आहे. नारळ बारीक धरलेत. चर्चच्या छपराचे तीन पत्रे बदलले. पाद्रीबाबांना खोकला होता, आता कमी आहे.

खडकाविषयी तू विचारलंस. गावाची अडचण मला दिसते, मी आंधळा नाही. पण सुनेचं मन अजून तयार नाही. विधवेवर जबरदस्ती करणं मला शोभत नाही. वेळ आली की होईल.

गुडघा दुखतो. तू पाठवलेलं मलम संपलं.

तुझा बाप,
नेमानी

सिडनी, ९ नोव्हेंबर १९९७

केलेरा,

बाबांचं उत्तर आलं. त्यांच्याच हातचं वाक्य तुला उतरवून पाठवते: "सुनेचं मन अजून तयार नाही. विधवेवर जबरदस्ती करणं मला शोभत नाही."

वाचलंस? सगळ्या बेटांत ज्याच्या शब्दावर होड्या थांबतात, तो माणूस तुझ्यासाठी गावाची बोलणी खातोय. त्याचा मुलगा गेला, आणि तो तुझी समजूत काढत बसलाय. थोडी तरी लाज वाटू दे गं. तुला कधीपर्यंत थांबायचंय ते एकदा सांगून टाक, म्हणजे आम्हीही तशी मनाची तयारी करतो.

लोसालिनी

नाइवी, ३० नोव्हेंबर १९९७

ताई,

बस्स झालं. गप्प राहायचं ठरवलं होतं, पण मामंजींचं ते वाक्य वाचलं आणि माझ्या हातातला नारळ खवायचा पाट मी अंगणात भिरकावला. कोंबडी थोडक्यात वाचली.

शंभराव्या रात्री काय झालं ते ऐक. गावातली मोठी माणसं मानाच्या पेयासाठी यांगोनाची मुळी घेऊन आपल्या घरी आली. रीतसर बसली, पेय घोटलं, कटोरा फिरला. मी पडद्याआड चहाचे कप पुसत होते. वातिसोनीचे वडील म्हणाले, "नेमानी, उद्या ओहोटी चांगली आहे. खांब कधी काढायचा?" मामंजींनी हातातला कटोरा खाली ठेवला. मग म्हणाले, "सुनेचं मन अजून तयार नाही."

ताई, मला कुणी विचारलंच नव्हतं! त्यांनी नाही, गावाने नाही, कोणीच नाही. माझ्या मनाचा निकाल पडद्याच्या पलीकडे लागला आणि मी हातात ओला कप धरून उभी.

मी बाहेर येऊन बोलायला हवं होतं असं तू म्हणशील. सून सासऱ्याला दहा माणसांत खोटं पाडते का आपल्याकडे? तू पाडलं असतंस. तू लेक आहेस. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मला बरंही वाटलं. वाटलं, थांबू देत अजून थोडं, एवढी काय घाई आहे सगळ्यांना. मला काय ठाऊक, हे सगळं माझ्याच डोक्यावर बसणार आहे.

खरं काय ते मला दिसतं. खांब काढला की मासे घेरायला कुणीतरी पुढे उभं राहून हाका द्यायच्या असतात. ती जागा साकिउसाची होती. आता ती वातिसोनीला द्यावी लागेल, साकिउसानंतर मान त्याचाच. मामंजींना सगळ्यांसमोर म्हणावं लागेल, "वातिसोनी, तू पुढे हो." ते त्यांच्या तोंडून निघत नाही. साकिउसाचं नावसुद्धा ते घेत नाहीत. उनाइसीने जेवताना "बाबा असते तर" एवढं म्हटलं की ताट सरकवून बाहेर जातात. रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन खांबाला बांधलेल्या झावळ्या तपासतात. सैल झाल्या असतील तर पुन्हा घट्ट बांधतात. मग गावाकडे पाठ करून वाळूत बसून राहतात.

दया येते. आणि इतका संताप येतो की काय सांगू! त्यांचं दुःख मी वाहायचं, वर शिव्याही मीच खायच्या. माझं स्वतःचं कधी वाहू? घागर भरली की उतरवून ठेवता येते, मला तेवढंही जमत नाही.

तुला खरं वाटलं नाही तर नको वाटू दे.

केलेरा

सिडनी, १४ डिसेंबर १९९७

केलेरा,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नाही, हे लपवत नाही. मनात म्हटलं, ही आता म्हाताऱ्यावर ढकलतेय. मग बाबांचं पत्र पुन्हा काढलं. झरा, पत्रे, खोकला, गुडघा. सगळं गाव आहे त्यात, आणि मुलगा कुठेच नाही. तेव्हा कळलं.

मी तुला जे लिहिलं ते लिहायला नको होतं. माझ्याकडून यापेक्षा जास्त माफीची अपेक्षा करू नकोस, जमत नाही मला.

पण आता माझा सगळा राग बाबांवर वळलाय. आई गेली तेव्हा हेच बाबा मला म्हणाले होते, "रड, आणि मग ऊठ." आणि स्वतःवर आलं तेव्हा सुनेच्या पदराआड लपले! तू काही करू नकोस. त्यांना पत्रातून बोलून उपयोग नाही, छपराचे दोन पत्रे आणखी बदलले म्हणून लिहितील. मी येते. जानेवारीत रजा मागितली आहे. समोर बसून विचारते त्यांना. मी विचारलं तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल. तेवढे दिवस कळ काढ.

आश्रमात मी परत जाते. त्या म्हाताऱ्याची माफी मागितली. त्याने मला लिमलेटची गोळी दिली.

नाताळच्या शुभेच्छा. उनाइसीला फ्रॉक पाठवलाय, मापाला मोठा असेल, दुमडून शिव.

लोसालिनी

नाइवी, १३ जानेवारी १९९८

ताई,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. रजा नाही, मार्चपर्यंत जमणार नाही. वाचून मी चुलीत घातली. तुझ्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण तो रांगेत फार मागे उभा आहे.

मी खडकावर गेले.

परवाच्या रविवारी. चर्च भरलेलं होतं. पाद्रीबाबांनी पावसासाठी प्रार्थना केली, ती संपल्यावर मेरेसेइनी आत्या उठल्या. म्हणाल्या, "देवा, या गावात एकीचं मन दगड झालंय, म्हणून आभाळही दगड झालंय. तिचं मन मऊ कर." सगळे "आमेन" म्हणाले. मी मामंजींकडे बघितलं. ते पुढच्या बाकावर होते. मला वाटलं, आता तरी मान हलवतील, आता तरी म्हणतील, नाही हो, तिचं नाही. ते खाली जमिनीकडे बघत बसले. आणि ताई, त्यांच्याही तोंडून "आमेन" निघालं.

मी उठले. गाणं सुरू झालं होतं. उनाइसीने माझा झगा धरला, "आई, कुठे?" मी म्हटलं, "आत्याआजीजवळ बस." घरी गेले, भिंतीवरचं माझं जाळं काढलं आणि शोकाच्या काळ्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले.

ओहोटी लागली होती. दहा महिने कुणी हात लावला नव्हता तिथे. मासे घाबरतच नव्हते, माणूस म्हणजे काय हेच विसरले होते. बोय मासे माझ्या पोटऱ्यांना घासून जात होते. पोपटमासे गुडघ्याएवढ्या पाण्यात खडक कुरतडत होते, त्याचा आवाज येत होता. मी जाळं टाकलं, ओढलं, टाकलं, ओढलं. मोठमोठ्याने बोलत होते मी. साकिउसाला, मामंजींना, तुला, देवाला. काय बोलले ते विचारू नकोस, चर्चला जाणारी बाई आहे मी.

खांबाला मात्र हात लावला नाही. तो माझा नाही.

माशांची माळ ओवून वर आले तोवर चर्च सुटलं होतं. सगळं गाव हिरवळीवर उभं. रविवार, त्यात बंदी, त्यात विधवा! वातिसोनी पहिला ओरडला, "वहिनी! अहो काय केलंत हे? वेडबिड लागलं काय?"

मी म्हटलं, "खडकाची बंदी मोडली. मी मोडली. आता बसा जेवायला. शिव्या द्यायच्या असतील त्यांनी मला द्या, सवय आहे मला."

मेरेसेइनी आत्या खालीच बसल्या आणि हंबरडा फोडला. हिने आपल्याच नवऱ्याच्या बंदीचा भंग केला, आता काय वाईट होईल देव जाणे, असं काहीबाही. कुणीतरी म्हणालं, "हिला तर उघडायचाच नव्हता ना खडक?" तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांचा हिशेब जुळेना.

मामंजी चर्चच्या पायरीवर होते. माझ्याकडे बघत होते. दहा महिन्यांत पहिल्यांदा बघितलं त्यांनी माझ्याकडे. मग काठी टेकत घरी निघून गेले.

मी मासे नारळाच्या दुधात शिजवले आणि त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी हात लावला नाही. उनाइसीने खाल्ले. मी खाल्ले. चव लागली नाही, पण पोट भरलं.

आता माझ्या माहेरच्यांना देवमाशाचा दात घेऊन यावं लागेल, मामंजींपुढे ठेवून माफी मागावी लागेल. भावाला निरोप गेलाय. मामंजींनी दाताला हात लावला तर माफ. नाही लावला तर मला हे गाव सोडावं लागेल, उनाइसीला इथेच ठेवून. ती या घराण्याची आहे.

मला पश्चात्ताप होत नाही. भीती वाटते. दोन्ही वेगवेगळं असतं हे मला आत्ता कळतंय.

केलेरा

सिडनी, २८ जानेवारी १९९८

केलेरा,

मूर्ख, मूर्ख, मूर्ख बाई! पत्र हातात घेऊन मी आश्रमाच्या स्वयंपाकघरात उभी राहून आधी हसले आणि मग खुर्चीत बसून रडले. रविवारी! काळ्या कपड्यांत! आईने बघितलं असतं तर तिने तुला दोन रट्टे दिले असते आणि मग माशातला वाटा मागितला असता.

गावाच्या फोनवर फोन केला होता. ऐकू दे बेटाला. बाबांना बोलावणं धाडलं, ते आले नाहीत. मग ज्याने फोन धरला होता त्याला म्हटलं, जा आणि माझ्या बापाला सांग, लोसालिनी म्हणते, माझ्या भावजयीला गाव सोडायला लावलंत तर मलाही लेक म्हणू नका. त्याने निरोप दिला की नाही कोण जाणे. त्याचीही हिंमत पाहिजे.

तुझा भाऊ आला का? काय झालं? बोट कधी, पत्र कधी, इथे माझा जीव जातोय. लवकर लिही.

लोसा

नाइवी, १६ फेब्रुवारी १९९८

ताई,

निरोप दिला होता. सगळ्या गावासमोर दिला, शब्दाला शब्द. मामंजी ऐकून म्हणाले, "तिला सांग, फोनचे पैसे वाचव." एवढंच.

माझा भाऊ दोन काकांना घेऊन आला. आपल्या मोठ्या खोलीत चटईवर बसले. मी दाराशी, मान खाली. भावाने देवमाशाचा दात दोन्ही हातांवर धरून माफीचे शब्द म्हटले: "आमच्या मुलीने तुमच्या मेलेल्याचा मान मोडला. ती अजाण आहे, तिला पदरात घ्या." आणि दात पुढे केला.

मामंजी हलले नाहीत. भावाने कोपरं मांड्यांना टेकवली. दात जड असतो, आणि तो खाली ठेवता येत नाही. वातिसोनी खोकला. बाहेर कोंबडा आरवला, कुणीतरी त्याला दगड मारला. मी मनात म्हणत होते, घ्या, मामंजी, घ्या. मग म्हणत होते, नका घेऊ, होऊ दे काय व्हायचं ते.

त्यांनी घेतला. छातीशी धरला. सगळ्यांनी श्वास सोडला. मला वाटलं, आता बोलतील. आता सांगतील सगळ्यांना.

म्हणाले, "सुनेचं मन आता तयार झालं. उद्या खांब काढू."

ताई! मी तिथेच ओरडणार होते. भावाने मागे हात करून माझं मनगट दाबलं म्हणून गप्प बसले. विहिरीवरच्या बायका आता माझ्याशी गोड बोलतात. "बरं झालं गं, शेवटी तुझं मन वळलं." मेरेसेइनी आत्यांनी तर मला मिठीच मारली, देवाने त्यांचं ऐकलं म्हणून. मी काय करू, सांग. पाटी लावू गळ्यात?

दुसऱ्या दिवशी खांब काढला. त्यांनी एकट्याने, कुणाला हात लावू दिला नाही. रुतला होता, निघेना. दोनदा घसरून पाण्यात बसले. निघाला तेव्हा तो खांद्यावर टाकला आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "वातिसोनी, पुढे हो."

वातिसोनी पुढे झाला, आणि काय सांगू, सगळा गोंधळ! मासे घेरायचा वेलींचा लांब फास सगळं गाव धरून उभं, आणि हा हाका देतोय, डावीकडे म्हणायचं तिथे उजवीकडे, थांबा म्हणायचं तिथे ओढा. डाव्या बाजूने निम्मे मासे पळाले. बायका हसून हसून पाण्यात पडल्या. मामंजी किनाऱ्यावर पाय आपटत होते. शेवटी राहवलं नाही. गुडघ्याचं दुखणं विसरून पाण्यात घुसले, "अरे गाढवा, पाण्याकडे बघ! साकिउसा असा उभा राहायचा का कधी? साकिउसा डाव्या कोपऱ्याला माणसं दुप्पट ठेवायचा!"

सगळ्यांनी ओढणं थांबवलं. त्यांच्याही लक्षात आलं, तोंडातून काय गेलं ते. छातीभर पाण्यात उभे राहिले तसेच. मग वातिसोनी हळूच म्हणाला, "काका, मग डावीकडे माणसं वाढवू?" ते म्हणाले, "वाढव." आणि मग मासे मिळाले. पुष्कळ मिळाले. सगळ्या घरांना गेले, शेजारच्या गावालाही गेले.

गावजेवण झालं त्याच संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. सासरा तिथे येत नाही, तुला ठाऊक आहे. उंबऱ्यावर बसले. मी उरलेला मासा उकडत होते.

म्हणाले, "तुझं नाव मी पुढे केलं."

मी म्हटलं, "केलंत."

"तू बोलली नाहीस."

"मला विचारलंत कुठे?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मासा शिजत राहिला. मग एकदम विचारलं, "तुला काय सांगितलं होतं त्याने? पायाचं."

"पाय गार पडतात म्हणाला."

"मला म्हणाला दगड लागलाय, दोन दिवसांत बरा होईल." मग म्हणाले, "मूर्ख."

मी म्हटलं, "गाढव."

"हट्टी गाढव. लहानपणापासून."

"मोजे घालून झोपायचा, मामंजी! मार्चमध्ये!"

ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. मी बघितलं नाही, चुलीत फुंकर घालत राहिले. धूर होता, त्याचा उपयोग झाला. आम्ही दोघांनी मिळून त्याला खूप शिव्या घातल्या, ताई. उनाइसी आत झोपली होती म्हणून हळू आवाजात.

म्हणून सगळं ठीक झालं असं समजू नकोस. सकाळी ते पुन्हा किनाऱ्यावर गावाकडे पाठ करून बसले होते, खांब नसताना. गावाला त्यांनी अजून खरं सांगितलेलं नाही आणि सांगतील असं मला वाटत नाही. माझा राग तसाच आहे. त्यांच्यावर, आणि त्याच्यावर त्याहून जास्त. पाऊसही नाही. मार्चमध्ये माझे काळे कपडे उतरतील, तेव्हा तू ये. रजा देत नसतील तर आजारी पड.

त्या रात्री मी मासा वाढला. ते उंबऱ्यावरच जेवले, मी चुलीपाशी. घरातल्या कर्त्याला डोकं द्यायचं म्हणून मी डोकं त्यांच्या ताटात ठेवलं होतं. त्यांनी ते उचललं, वाकून माझ्या ताटात टाकलं आणि स्वतः शेपूट खायला लागले.

मला डोकं आवडत नाही. डोळ्यांसकट खाल्लं.

केलेरा